नोंद कुणाच्या मालकीची?

१६ जुलै १९७३ रोजी अलेक्झांडर बटरफिल्ड अमेरिकी सिनेटच्या वॉटरगेट चौकशी समितीपुढे साक्षीला बसले, तेव्हा टीव्हीवर ही सुनावणी पाहणाऱ्या लोकांनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. हवाई दलातून आलेले हे गृहस्थ अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या भेटीगाठी, कागदपत्रं आणि दिवसाचं वेळापत्रक सांभाळत असत. समितीचे एक वकील फ्रेड थॉम्पसन यांनी त्यांना विचारलं, अध्यक्षांच्या कार्यालयात संभाषण टिपणारी यंत्रं बसवलेली आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं का? बटरफिल्ड म्हणाले, होय, ठाऊक होतं.

तोवर सगळा मामला शब्दाविरुद्ध शब्द असा होता. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेले पाच जण पकडले गेले होते. त्या प्रकरणावर पांघरूण घालण्यात अध्यक्ष स्वतः सामील होते, असं व्हाइट हाउसचे माजी कायदा सल्लागार जॉन डीन शपथेवर सांगत होते. अध्यक्ष ते साफ नाकारत होते. नोकरीवरून काढलेला, स्वतःही त्या पापात वाटेकरी असलेला एक तरुण वकील, आणि समोर पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकून दुसऱ्यांदा निवडून आलेला अध्यक्ष. लोकांनी कुणाचं खरं मानायचं? बटरफिल्ड यांच्या उत्तराने तिसरा साक्षीदार पुढे आला. फेब्रुवारी १९७१ पासून ओव्हल ऑफिसच्या टेबलात आणि शेकोटीपाशी मायक्रोफोन दडवलेले होते. खोलीत कुणी बोलू लागलं की टेप आपोआप फिरू लागे. जुलै १९७३ मध्ये ही यंत्रणा बंद झाली तोवर जवळपास ३,७०० तासांचं संभाषण साठलं होतं.

अमेरिकी राजकारणातल्या जबाबदेहीची कहाणी बहुधा धाडसी पत्रकार आणि बाणेदार न्यायाधीश यांच्या नावाने सांगितली जाते. ती माणसं मोठी होती, यात शंका नाही. पण त्यांच्या हाती काही लागलं, ते कुठेतरी काहीतरी लिहिलेलं, टिपलेलं, दप्तरी लावलेलं होतं म्हणून. गेल्या साठ वर्षांतला त्या देशातला पारदर्शकतेचा जवळजवळ प्रत्येक मोठा झगडा शेवटी तीन प्रश्नांपाशी येतो. नोंद केली का? ती कुणाच्या मालकीची? आणि ती मागण्याचा अधिकार कुणाला?

टेप आहेत हे कळताच त्या मागण्याची रांग लागली. विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी नऊ संभाषणांसाठी न्यायालयाचा आदेश मिळवला. निक्सन यांनी तडजोड सुचवली, की टेप मिळणार नाहीत, गोषवारा घ्या. कॉक्स यांनी मानलं नाही. २० ऑक्टोबर १९७३, शनिवारची संध्याकाळ. अध्यक्षांनी ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांना कॉक्स यांना काढून टाकायला सांगितलं. त्यांनी नकार देऊन राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही तो हुकूम पाळला नाही आणि तेही गेले. तिसऱ्या क्रमांकावरचे रॉबर्ट बोर्क यांनी अखेर सही केली. त्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत वॉशिंग्टनवर तारांचा असा पूर लोटला की प्रतिनिधिगृहात महाभियोगाची बोलणी उघडपणे सुरू झाली.

मग ती प्रसिद्ध साडेअठरा मिनिटं. २० जून १९७२, म्हणजे घरफोडीनंतर तिसऱ्याच दिवशी, निक्सन आणि त्यांचे प्रमुख सहायक एच. आर. हाल्डमन यांच्यात झालेल्या संभाषणाच्या टेपवर तेवढा वेळ नुसती घरघर ऐकू येत होती. निक्सन यांच्या वर्षानुवर्षांच्या सचिव रोझ मेरी वुड्स यांनी न्यायाधीश जॉन सिरिका यांच्यापुढे सांगितलं, की टेप उतरवून घेताना फोन वाजला, तो घ्यायला वळताना चुकून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं आणि पाय पेडलवर तसाच राहिला. त्याने फार तर पाचेक मिनिटं पुसली गेली असतील, बाकीचं आपल्याला माहीत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे कसं घडलं ते दाखवताना त्यांचं छायाचित्र काढलं गेलं. एक हात मागे लांब फोनकडे, शरीर पूर्ण ताणलेलं, पाय पुढे पेडलवर. त्या अवस्थेत कुणी पाच मिनिटं राहू शकेल, हे छायाचित्र पाहणाऱ्याला पटणं कठीण होतं. तज्ज्ञांच्या समितीने टेप तपासून सांगितलं की हे पुसणं एका वेळचं नाही, किमान पाच वेगवेगळ्या खेपांत झालेलं आहे. कुणी पुसलं ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही. पण नोंद पुसली गेली, याचीही नोंद राहिली. त्या रिकाम्या घरघरीने अध्यक्षांची विश्वासार्हता जितकी घालवली तितकी कदाचित त्या मिनिटांतल्या शब्दांनीही घालवली नसती.

२४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य असा निकाल दिला, की टेप द्या. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर निक्सन यांनीच नेमलेले होते आणि त्या आठांतले आणखी दोघेही. अध्यक्षांच्या सल्लामसलतीला काही गोपनीयता असते हे न्यायालयाने मान्य केलं, आणि फौजदारी खटल्यात पुरावा लागतो तेव्हा ती बाजूला सारावी लागते हेही सांगितलं. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ च्या संभाषणाचा मजकूर बाहेर आला. सीआयएमार्फत एफबीआयचा तपास थांबवण्याच्या बेताला अध्यक्ष होकार देत असल्याचं त्यात स्पष्ट होतं. आदल्या आठवड्यापर्यंत त्यांच्या बाजूने बोलणारे रिपब्लिकन सदस्य त्या दिवशी बाजू सोडून गेले. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

गोष्ट सहसा इथे संपवली जाते. मला मात्र त्यानंतरचा महिना जास्त महत्त्वाचा वाटतो. ८ सप्टेंबर १९७४ रोजी नवे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना माफी दिली, हे सर्वांना आठवतं. त्याच दिवशी आणखी एक करार जाहीर झाला. शासकीय मालमत्ता सांभाळणाऱ्या खात्याचे प्रमुख आर्थर सॅम्पसन आणि निक्सन यांच्यातल्या त्या करारानुसार सगळी कागदपत्रं आणि टेप निक्सन यांच्या मालकीच्या ठरणार होत्या. काही वर्षांनी त्यातल्या कोणत्या टेप नष्ट करायच्या ते निक्सन सांगू शकणार होते आणि १९८४ मध्ये, किंवा त्याआधी त्यांचा मृत्यू झाल्यास तेव्हा, उरलेल्या सगळ्या टेप नष्ट व्हायच्या होत्या. प्रश्न होता सुमारे ४ कोटी २० लाख पानांचा आणि ८८० टेपचा.

यात निक्सन काही जगावेगळं मागत नव्हते, हे लक्षात घेतलं पाहिजे. जॉर्ज वॉशिंग्टन निवृत्त होताना आपली कागदपत्रं माउंट व्हर्ननला घरी घेऊन गेले, तेव्हापासून अध्यक्षाचे कागद ही अध्यक्षाची खासगी मिळकत, असाच रिवाज होता. मिळकत म्हटल्यावर वारसांच्या मर्जीवर तिचं नशीब ठरतं. मिलर्ड फिलमोर यांच्या मुलाने मृत्युपत्रात वडिलांचे कागद जाळायला सांगितलं होतं. वॉरन हार्डिंग यांच्या पत्नीने पतीच्या निधनानंतर कागदांचे ढीग जाळले, आणि हार्डिंग यांची कारकीर्द तर तेलाच्या सरकारी साठ्यांच्या भ्रष्टाचारासाठी कुप्रसिद्ध. अब्राहम लिंकन यांचे कागद त्यांच्या मुलाने काँग्रेसच्या ग्रंथालयाला दिले खरे, पण आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं उघडायचे नाहीत या अटीवर. ते उघडले १९४७ मध्ये, लिंकन यांच्या हत्येनंतर ब्याऐंशी वर्षांनी.

काँग्रेसने हा रिवाज मोडला. डिसेंबर १९७४ मध्ये निक्सन यांचे कागद आणि टेप सरकारने ताब्यात ठेवावेत असा कायदा झाला, निक्सन त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. १९७८ मध्ये अध्यक्षीय अभिलेखांचा सर्वसाधारण कायदा आला. २० जानेवारी १९८१ पासून, म्हणजे रोनाल्ड रेगन यांच्यापासून, अध्यक्षाच्या कामाची नोंद जनतेच्या मालकीची. पद सुटलं की ती थेट राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात जाते. अमेरिकेच्या राज्यघटनेत यासंबंधी एक अक्षर नाही. दोनशे वर्षांची प्रथा एका घोटाळ्यानंतर चार वर्षांत उलटली.

जुन्या मालकीची किंमत मात्र लोकांना मोजावी लागलीच. १९७४ च्या कायद्याने निक्सन यांची मिळकत घेतली म्हणून नुकसानभरपाई हवी, असा दावा चालूच राहिला. न्यायालयाने त्यांचा मालकी हक्क मान्य केला आणि २००० साली सरकारने निक्सन यांच्या वारसांना १ कोटी ८० लाख डॉलर दिले. टेप ऐकायला मिळाव्यात म्हणून इतिहासकार स्टॅनली कटलर यांना १९९२ मध्ये दावा लावावा लागला. त्यातून १९९६ मध्ये अधिकाराच्या गैरवापरासंबंधीची २०१ तासांची ध्वनिमुद्रणं खुली झाली. खुल्या करण्याजोग्या टेपचा शेवटचा हप्ता आला ऑगस्ट २०१३ मध्ये. एका अध्यक्षाच्या अडीच वर्षांच्या बोलण्याची नोंद लोकांपर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली.

निक्सन यांच्या टेप वाचल्या. जे वाचलं नाही, तेही पाहायला हवं.

२ मे १९७२ रोजी एफबीआयचे संचालक जे. एडगर हूवर वारले. ४८ वर्षं त्यांनी ती यंत्रणा चालवली होती. मंत्र्यांपासून चळवळीतल्या कार्यकर्त्यांपर्यंत अनेकांच्या खासगी आयुष्याच्या फायली त्यांच्याकडे असल्याचं बोललं जाई. त्यांच्या सचिव हेलन गँडी यांनी पुढचे काही आठवडे त्यांच्या ‘वैयक्तिक’ फायली चाळून नष्ट केल्या. १९७५ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी सांगितलं की त्यात खासगी पत्रव्यवहाराखेरीज काही नव्हतं. खरं असेल, नसेल. तपासायला कागदच उरले नाहीत, आणि त्यामुळे हा प्रश्न कायमचा उघडा राहिला.

हूवर यांच्या कार्यालयात त्याहून धूर्त अशी एक पद्धत होती. बिनपरवाना घरात शिरून कागद चोरण्याच्या कारवायांना मंजुरी मागणाऱ्या टिपणांवर ‘फाइल करू नये’ असा शेरा असे. नेहमीच्या नोंदवहीत त्यांना क्रमांक मिळत नसे. ती वेगळ्या जागी ठेवायची आणि ठरावीक काळाने नष्ट करायची. एखाद्या न्यायाधीशाने विचारलंच, तर दप्तर तपासून अशी नोंद सापडत नाही, असं शपथेवर सांगायला मोकळे. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने १९७५ मध्ये ही पद्धत उघडकीला आणली. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६४ मध्ये आलेल्या, आत्महत्या सुचवणाऱ्या निनावी पत्रामागे एफबीआयच होती, हेही त्याच समितीच्या कामातून सर्वांसमोर आलं.

या सगळ्याचं दार उघडलं ते एका वेगळ्याच मार्गाने. ८ मार्च १९७१ च्या रात्री मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची जगभर गाजलेली लढत होती. सारा देश रेडिओला कान लावून बसलेला. पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या छोट्या गावात आठ जणांनी एफबीआयचं कार्यालय फोडलं. म्होरके विल्यम डेव्हिडन हॅवरफर्ड कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. आपल्यावर पाळत ठेवली जाते असा व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या कार्यकर्त्यांना संशय होता, पुरावा नव्हता. तो पुरावा सूटकेसांत भरून त्यांनी नेला, शेतघरात बसून लावला आणि वर्तमानपत्रांना टपालाने पाठवला. वॉशिंग्टन पोस्टच्या बेटी मेड्सगर यांनी पहिली बातमी दिली. एफबीआयने शेकडो माणसं कामाला लावूनही चोर सापडले नाहीत. त्यांच्यातल्या बहुतेकांनी २०१४ मध्ये स्वतःहून नावं सांगितली. चोरीचं समर्थन करताना मन कचरतं. पण त्या वेळी कायद्याने चालणारा दुसरा कोणता रस्ता त्या कागदांपर्यंत जात होता, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

चोरलेल्या कागदांत एका कव्हरिंग चिठ्ठीवर ‘कोइंटेलप्रो’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे काय, ते कुणालाच कळेना. एनबीसीचे वार्ताहर कार्ल स्टर्न यांची नजर १९७२ मध्ये त्यावर पडली. त्यांनी सरकारला विचारलं, नकार मिळाला, ते न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९७३ मध्ये त्यांना पहिले कागद मिळाले. नागरी हक्कांच्या आणि डाव्या संघटनांमध्ये फूट पाडायची, त्यांना बदनाम करायचं, अशा एफबीआयच्या अनेक वर्षांच्या गुप्त मोहिमेचं ते नाव होतं. चोरीने जो धागा हाती दिला होता, तो स्टर्न यांनी कायद्याच्या जोरावर शेवटपर्यंत ओढला. तो कायदा म्हणजे १९६६ चा माहिती स्वातंत्र्य कायदा.

त्याच्यामागे जॉन मॉस या एका माणसाचा बारा वर्षांचा हट्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचे हे डेमोक्रॅटिक प्रतिनिधी १९५३ मध्ये काँग्रेसमध्ये आले. कम्युनिस्टांच्या भीतीचा तो काळ. सुरक्षेच्या कारणावरून सुमारे २,८०० सरकारी नोकर काढले गेले, असं सरकार सांगत होतं. यातले खरोखर देशद्रोहाच्या संशयावरून किती आणि इतर क्षुल्लक कारणांवरून किती, एवढंच मॉस यांनी विचारलं. सरकारी नोकरांच्या नेमणुका पाहणाऱ्या आयोगाने माहिती द्यायला नकार दिला. निवडून आलेल्या प्रतिनिधीला ही वागणूक मिळते तर सामान्य माणसाला काय मिळत असेल, या विचाराने मॉस यांनी पुढची सगळी वर्षं सुनावण्या घेतल्या. त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन या विधेयकाच्या विरोधात होते. अखेर ४ जुलै १९६६ रोजी, स्वातंत्र्यदिनी, टेक्ससमधल्या आपल्या रँचवर त्यांनी कुठल्याही समारंभाविना सही केली.

पहिला कायदा दात नसलेला निघाला. मुदत नव्हती, शुल्क वाटेल तेवढं लावता येई आणि कागदावर ‘गुप्त’ शिक्का असला की न्यायाधीशालाही आत डोकावता येत नसे. हवाईच्या प्रतिनिधी पॅट्सी मिंक यांनी अलास्काच्या ॲम्चिट्का बेटावरच्या भूमिगत अणुचाचणीसंबंधीचे अहवाल मागितले होते. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत पाठवलं. वॉटरगेटच्या लाटेत काँग्रेसने हे दात बसवले. उत्तराला मुदत, वाजवी शुल्क, गुप्त कागद न्यायाधीशाने दालनात तपासण्याची मुभा, जिंकलेल्या अर्जदाराला वकिलाचा खर्च. निक्सन यांच्या जागी आलेल्या आणि खुल्या कारभाराचं वचन दिलेल्या फोर्ड यांनी ऑक्टोबर १९७४ मध्ये ते विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवलं. त्यांना तसा सल्ला देणाऱ्यांत त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख डोनाल्ड रम्सफेल्ड होते. १९६६ मध्ये तरुण खासदार म्हणून हेच रम्सफेल्ड मॉस यांच्या विधेयकाचे पुरस्कर्ते होते. बाहेर असताना जो माणूस माहिती मागतो, तोच आत गेल्यावर ती अडवतो. हे दोन्ही पक्षांत घडलं आहे. नोव्हेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी फोर्ड यांचा नकार रद्द केला.

महाराष्ट्रात २००२ पासून आणि देशभर २००५ पासून माहिती अधिकार वापरणाऱ्या वाचकाला अमेरिकी कायद्यातली एक उणीव चटकन दिसेल. तिथे अपील ऐकणारा स्वतंत्र माहिती आयुक्त नाही. उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्याकडे दिवसाला २५० रुपये दंडाची तरतूद आहे, तशी रोजच्या दंडाची तिथे नाही. खात्याने नाकारलं तर त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे अपील आणि त्यानंतर थेट संघीय न्यायालय. म्हणजे ज्याच्याकडे वकील, त्याचा अधिकार. उत्तराची मुदत कागदोपत्री २० कामाचे दिवस आहे. प्रत्यक्षात २०२३ च्या आर्थिक वर्षात सुमारे १२ लाख अर्ज आले आणि वर्षअखेर दोन लाखांवर तुंबून राहिले. आपल्याकडे आयोगांपुढे अपिलांचे ढीग साचतातच, तरी खात्याबाहेरच्या पहिल्या पायरीला कोर्टाची फी भरावी लागत नाही, हा फरक लहान नाही. आणखी एक गोष्ट मला फार खटकते. हा कायदा करणाऱ्या काँग्रेसने स्वतःला त्यातून पूर्ण वगळलं आहे. खासदाराच्या कार्यालयातलं एक पत्रही या कायद्याखाली मागता येत नाही.

सरकारी कागदांवरची ही लढाई निदान डोळ्यांना दिसते. राजकीय संघटनांच्या पैशाची नोंद शोधणं जास्त अवघड. उमेदवाराला आणि पक्षाला मिळणारी २०० डॉलरवरची देणगी दात्याच्या नावानिशी जाहीर करावी लागते आणि ती यादी कुणालाही घरबसल्या पाहता येते. ही यादी सांभाळणारा निवडणूक आयोग १९७४ च्या कायद्याचं अपत्य. त्याचे सहा सदस्य असतात, एका पक्षाचे तीनहून अधिक नाहीत, आणि कोणत्याही कारवाईला चार मतं लागतात. तीन विरुद्ध तीन झालं की फाइल बंद. समतोलासाठी केलेली रचना चौकशी न करण्याची सोय होऊन बसली. २१ जानेवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी कंपन्यांना निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करण्याची मोकळीक दिली. त्याच निकालात आठ न्यायमूर्तींनी पैसा कुणाचा हे जाहीर करण्याच्या नियमांना पाठिंबा दिला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. पैसे मोकळे करायचे आणि नावं उघडी ठेवायची, असा तो हिशोब होता. पण ‘समाजकल्याण’ संघटना म्हणून नोंदलेल्या संस्थांना दात्यांची नावं जाहीर करावी लागत नाहीत. पैसा आधी त्यांच्याकडे जातो, तिथून प्रचाराला. न्यायालयाने ज्या उघडपणावर भिस्त ठेवली तो काँग्रेसने कायद्यात आणलाच नाही.

तरीही नोंदीची थोडी जरी सक्ती असली की काय होतं, याचं उदाहरण नॅशनल रायफल असोसिएशनचं आहे. बंदुकांच्या बाजूने बोलणारी ही बलाढ्य संघटना १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली आणि म्हणून तिच्या हिशोबावर न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलचा अधिकार चालतो. करमाफी घेणाऱ्या संस्थांना दरवर्षी जो तपशीलवार फॉर्म भरून लोकांसाठी खुला ठेवावा लागतो, त्यात वरिष्ठांचे पगार आणि मोठ्या ठेकेदारांना दिलेल्या रकमा लिहाव्या लागतात. पत्रकार, नाराज देणगीदार आणि अखेर सरकारी वकील या सगळ्यांनी ते फॉर्म वाचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्युरीने संघटनेचे तीस वर्षं प्रमुख राहिलेले वेन लापिएर यांना खासगी विमानप्रवासासारख्या खर्चांसाठी जबाबदार धरलं आणि सुमारे ४३ लाख ५० हजार डॉलर संघटनेला परत करायला सांगितलं. या निकालाने पैसे परत मिळणार होते ते वर्गणी भरणाऱ्या साध्या सभासदांच्या संघटनेला, हे विरोधकांनीही लक्षात ठेवावं.

खात्यांच्या आत बसून हिशोब तपासणारे महानिरीक्षक हेही १९७८ चीच निर्मिती. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सही केलेल्या कायद्याने ते बारा खात्यांत आले. खात्याच्या प्रमुखाला ते अहवाल देतात आणि काँग्रेसलाही. दोन मालक असल्यामुळे एकट्याला त्यांना गप्प करणं कठीण. तरी त्यांना काढण्याचा अधिकार अध्यक्षाकडेच आहे. रेगन यांनी १९८१ मध्ये आल्या आल्या सगळ्यांना काढलं आणि ओरड झाल्यावर काहींना परत घेतलं. काढण्यापूर्वी काँग्रेसला ३० दिवस आधी सविस्तर कारण कळवावं, असा नियम २०२२ मध्ये कडक केला गेला. जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ती नोटीस न देता सुमारे सतरा जणांना एका रात्रीत दूर केलं. ते बेकायदा होतं असं न्यायालयाने त्या वर्षी म्हटलं, पण कुणाला परत जागेवर बसवलं नाही.

निक्सन यांच्या टेपमधून पुढच्या पिढीच्या राजकारण्यांनी एक धडा घेतला: बोलणं टेप करायचं नाही. १९७८ च्या अध्यक्षीय अभिलेखांच्या कायद्याला त्यावर उत्तर नाही. जी नोंद झाली तीच तो राखू शकतो. हिलरी क्लिंटन २००९ ते २०१३ या काळात परराष्ट्रमंत्री असताना घरच्या सर्व्हरवरून ईमेल करत. पुढे त्यांच्या वकिलांनी सुमारे ३०,००० ईमेल खात्याला दिले आणि तितकेच खासगी म्हणून वगळले. सरकारी कोणते आणि खासगी कोणते हे ज्यांची चौकशी व्हायची त्यांच्याच बाजूने ठरवलं, ही मूळ गोष्ट त्या सगळ्या गदारोळात हरवली. ट्रम्प पहिल्या कारकिर्दीत हातातला कागद वाचून झाला की फाडून टाकत. व्हाइट हाउसमध्ये अभिलेखांचं काम करणारे कर्मचारी ते तुकडे गोळा करत, टेबलावर पसरून जुळवत आणि चिकटपट्टीने जोडून अभिलेखागाराकडे पाठवत. अनेक वर्षांच्या सरकारी नोकरीतली माणसं ही, पगार घेऊन फाटलेले कागद जुळवत बसलेली. मला या कर्मचाऱ्यांबद्दल अपार आदर वाटतो. कुठल्याही न्यायालयाने सांगायच्या आधी, कुणी पाहत नसताना, ते कायद्याचं काम करत होते.

पद सोडल्यावर ट्रम्प यांच्या मार-ए-लागोतल्या घरी गेलेल्या खोक्यांपैकी १५ खोकी जानेवारी २०२२ मध्ये अभिलेखागाराने परत मिळवली. उरलेल्यांसाठी त्याच वर्षी ८ ऑगस्टला एफबीआयला झडती घ्यावी लागली. त्यावरचा खटला जुलै २०२४ मध्ये न्यायाधीशांनी रद्द केला आणि ट्रम्प पुन्हा निवडून आल्यावर अपीलही सोडून देण्यात आलं. जो बायडन यांच्या घरी आणि जुन्या कार्यालयातही गोपनीय कागद सापडले. त्यांनी सहकार्य केलं, त्यांच्यावर खटला झाला नाही. दोन्ही प्रकरणांत दिसतं ते हेच, की कागद जनतेचे आहेत हे कायद्यात लिहून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं होत आली तरी अध्यक्षपदावर बसलेल्या माणसांच्या मनात ते पुरतं उतरलेलं नाही.

आता कागदही मागे पडले आहेत. सरकारी अधिकाऱ्याने खासगी खात्यावरून सरकारी काम केलं तर वीस दिवसांत त्याची प्रत सरकारी खात्यावर पाठवावी, असा नियम २०१४ मध्ये झाला. मार्च २०२५ मध्ये येमेनवरच्या हवाई हल्ल्यांची चर्चा संरक्षणमंत्री, सीआयएचे संचालक आणि इतर वरिष्ठांनी सिग्नल ॲपवरच्या एका गटात केली. संदेश काही आठवड्यांत आपोआप पुसले जावेत अशी सोय त्या गटात चालू होती. अटलांटिक मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांना त्या गटात चुकून घेतलं गेलं, आणि त्यामुळेच हे बाहेर आलं. एका स्वयंसेवी संस्थेने लावलेल्या दाव्यात न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी ११ ते १५ मार्चचे संदेश जपून ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर सीआयएच्या अधिकाऱ्याने न्यायालयाला प्रतिज्ञापत्रावर कळवलं, की संचालकांच्या खात्यात गटाचं नाव, सेटिंग्ज अशी किरकोळ माहिती उरली आहे, संदेशांचा मजकूर नाही. तो मजकूर आज वाचायला मिळतो तो गोल्डबर्ग यांनी आपल्या फोनवरून प्रती काढून ठेवल्या आणि २६ मार्चला छापल्या म्हणून.